कॅपिटॉलची कपाटं : एका रेकॉर्ड कंपनीची संकलनांमधून वाटचाल

डिसेंबर लागला की जगभरच्या दुकानांतून आणि हॉटेलांतून, आता मुंबई-पणजीतल्या मॉलमधूनही, नॅट किंग कोलच्या आवाजातलं ‘द ख्रिसमस साँग’ ऐकू येतं. चाळीसच्या दशकातलं हे गाणं, तेव्हा ध्वनिमुद्रणही तेव्हाचंच असणार असं आपण धरून चालतो. पण कोलने कॅपिटॉल रेकॉर्ड्‌ससाठी हे गाणं १९४६ मध्ये दोनदा गायलं, १९५३ मध्ये तिसऱ्यांदा आणि १९६१ मध्ये चौथ्यांदा. आज सर्वत्र वाजतं ते हे चौथं. ते नाताळच्या रेकॉर्डसाठी झालेलंही नव्हतं. ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ नावाच्या तीन एल.पी.च्या संकलनात त्याची गाजलेली गाणी स्टिरिओमध्ये हवी होती, म्हणून कोल पुन्हा स्टुडिओत उभा राहिला. आणि १९४६ चं अगदी पहिलं ध्वनिमुद्रण, ज्यात फक्त पियानो, गिटार आणि बास आहे, ते त्या काळी बाहेर आलंच नाही. ते लोकांपर्यंत पोचलं १९८९ मध्ये, नाताळगीतांच्या एका संकलनात, आणि तेही चुकून.

एकाच गाण्याचा हा प्रवास पाहिला, तर संकलनाला किती वजन असतं ते लक्षात येतं. गायक नवं गातो ते एका काळापुरतं विकलं जातं. पुढच्या पिढ्यांना तो कोणत्या गाण्यांतून, कोणत्या ध्वनिमुद्रणातून भेटणार, हे मात्र संकलन करणारा ठरवतो. ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून ठसठशीत चालीची गाणी गाणारे गायक-गायिका अमेरिकेत १९४० ते १९६० या काळात झाले. त्यांतल्या कितीतरी जणांची सर्वोत्तम वर्षं कॅपिटॉलच्या कपाटांत आहेत. म्हणून या कंपनीची वाटचाल मला तिच्या संकलनांवरून सांगावीशी वाटते.

कंपनी निघाली १९४२ मध्ये, लॉस एंजेलिसला. संस्थापक तिघे. जॉनी मर्सर हा गीतकार आणि गायक, बडी डिसिल्व्हा पॅरामाउंट स्टुडिओतला निर्माता आणि स्वतःही गीतकार, तर ग्लेन वॉलिक्सचं सनसेट आणि व्हाइन रस्त्यांच्या कोपऱ्यावर रेकॉर्डचं दुकान होतं. गाणं लिहिणारा, पैसा आणि व्यवहार जाणणारा, आणि गिऱ्हाईक रोज डोळ्यांसमोर पाहणारा अशी ही जोडणी. मोठ्या कंपन्या तेव्हा पूर्व किनाऱ्यावर होत्या. पश्चिमेकडून उभी राहिलेली ही पहिली दखलपात्र कंपनी.

वेळ मात्र याहून वाईट असू शकली नसती. त्या काळच्या ७८ च्या तबकड्या चपडा लाखेपासून बनत आणि ती लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या पट्ट्यातल्या जंगलांतून, कलकत्त्यामार्गे अमेरिकेत जाई. युद्धामुळे जहाजं थांबली आणि अमेरिकन सरकारने लाखेच्या नागरी वापरावर मोठी कपात लादली. रेकॉर्ड कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांचा चुरा वापरू लागल्या. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. कॅपिटॉलच्या पहिल्या तबकड्या बाजारात आल्या त्या जुलै १९४२ मध्ये, म्हणजे बहिष्काराच्या महिनाभर आधी.

या बहिष्काराचा एक परिणाम दूरगामी ठरला. वादकांना बंदी होती, गायकांना नव्हती. तोवर बँडचं नाव मोठं आणि गायक त्यातला एक माणूस, अशी रीत होती; ती उलटू लागली. ऑक्टोबर १९४३ मध्ये कॅपिटॉलने संघटनेशी करार केला, तर कोलंबिया आणि आर.सी.ए. व्हिक्टर या बड्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणून धरलं. हे मधलं वर्षभर कॅपिटॉलला फळलं. नॅट कोलच्या त्रयीचं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ याच काळातलं. मार्गारेट व्हायटिंग, जो स्टॅफर्ड, पुढे पेगी ली, के स्टार ही नावं कंपनीशी जोडली गेली. रेडिओवर रेकॉर्ड लावणाऱ्या निवेदकांना नव्या तबकड्या फुकट पाठवायची पद्धतही कॅपिटॉलनेच नेटाने रुळवली.

२४ मार्च १९४५ ला ‘बिलबोर्ड’ने आल्बमच्या खपाची यादी पहिल्यांदा छापली, तेव्हा अव्वल स्थानी ‘द किंग कोल ट्रायो’ होता. पुठ्ठ्याच्या जाड बांधणीत कागदी खिसे, त्यांत चार तबकड्या आणि आठ बाजूंवर आठ गाणी. प्रत्येक गाणं तीनेक मिनिटांचं, मग उठून तबकडी पालटायची. गाण्यांचा एकत्र संच विकत घेण्याची गोडी लोकांना लागली ती अशी. १९४९ पर्यंत ७८, ४५ आणि ३३ या तिन्ही गतींच्या तबकड्या कॅपिटॉल काढू लागली होती. मग सुट्या ४५ वर गाजलेली गाणी एल.पी.वर एकत्र आणणं ही साधी व्यापारी सोय झाली. जे एकेकटं विकून झालं ते पुन्हा गठ्ठ्याने विकायचं.

ही सोय कलेच्या अंगाने कुठे गेली, हे फ्रँक सिनात्रापाशी स्पष्ट दिसतं. १९५२ मध्ये कोलंबियाने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. मार्च १९५३ मध्ये कॅपिटॉलच्या अ‍ॅलन लिव्हिंग्स्टनने त्याला घेतलं आणि ३० एप्रिलला नेल्सन रिडलच्या संयोजनात तो गायला. नंतरची आठ वर्षं त्याने दोन वह्या वेगळ्या ठेवल्या. एल.पी. म्हणजे एकच भाव. ‘इन द वी स्मॉल आवर्स’ (१९५५) सुरुवातीपासून शेवटपर्यंत रात्रीच्या एकटेपणाचा आहे आणि त्यात उडतं गाणं एकही नाही. सिंगल म्हणजे बाजारासाठीचं गाणं. तो सहसा ही दोन्ही मिसळू देत नसे. त्यामुळे ‘यंग अ‍ॅट हार्ट’, ‘लर्निन द ब्लूज’, ‘लव्ह अँड मॅरेज’ यांसारखी घराघरांत पोचलेली गाणी त्याच्या त्या एल.पी.त सापडतच नाहीत. त्यांना घर मिळालं ते १९५६ च्या ‘धिस इज सिनात्रा!’ या संकलनात. बारा गाणी, बहुतेक रिडलची. या संकलनाकडे मी जोडतुकडा म्हणून बघू शकत नाही. तिथे सिनात्रा वेगळ्याच पवित्र्यात आहे : पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला धरायचं आणि तीन मिनिटांत सोडायचं, याचं त्याचं कसब या बारा गाण्यांत एकगठ्ठा ऐकायला मिळतं.

१९५६ हे कंपनीच्या वैभवाचं वर्ष. आदल्या वर्षी ब्रिटनच्या ई.एम.आय.ने कॅपिटॉल विकत घेतली होती आणि आता हॉलिवुडमध्ये तिची तेरा मजली गोल इमारत उभी राहिली. वेल्टन बेकेटच्या कचेरीतल्या लुई नायडॉर्फ या तरुण वास्तुरचनाकाराचं हे काम. शिखरावरचा दिवा मोर्सच्या लिपीत ‘हॉलिवुड’ हा शब्द लुकलुकत सांगतो. संगीताच्या दृष्टीने खरी किमया मात्र जमिनीखाली आहे. तिथे काँक्रीटच्या बंदिस्त खोल्या आहेत. स्टुडिओतला आवाज खालच्या खोलीत स्पीकरवर सोडायचा, भिंतींवर आपटून तो घुमला की दुसऱ्या टोकाच्या मायक्रोफोनने उचलायचा आणि मूळ आवाजात हव्या त्या प्रमाणात मिसळायचा. कॅपिटॉलच्या त्या काळच्या गायकांभोवती जी मऊ, खोल हवा जाणवते, ती बरीचशी या खोल्यांची देणगी. चांगल्या संकलनात ती हवा टिकते, वाईटात पहिल्यांदा तीच जाते.

ई.एम.आय.मुळे आपल्याशीही धागा जुळला. कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एच.एम.व्ही., याच समूहातली. त्यामुळे नॅट किंग कोलच्या तबकड्या डमडमला दाबल्या जाऊन मुंबईच्या दुकानांत येत. मुंबईच्या हॉटेलांतून आणि क्लबांतून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गोव्याच्या कलावंतांना ही गाणी पाठ असायची. तीच मंडळी दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसत.

दरम्यान कोलंबियाने १९५८ मध्ये ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ काढलं. जॉनी मॅथिसची नवी एल.पी. हाताशी नव्हती, म्हणून त्याची सिंगल एकत्र केली. हे संकलन बिलबोर्डच्या यादीत एकूण ४९० आठवडे राहिलं. नऊ वर्षांहून जास्त! मग कोणत्याही कंपनीला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे दोन शब्द सोडवेनात.

साठचं दशक उजाडलं आणि संकलन हे हत्यार झालं. सिनात्राने १९६० मध्ये स्वतःची रिप्रीज ही कंपनी काढली. कॅपिटॉलशी करार अजून संपायचा होता, संबंध बिघडले होते. तो रिप्रीजवर नवं काढी, तर कॅपिटॉलच्या कपाटात आठ वर्षांचा साठा होता. ‘ऑल द वे’ (१९६१), ‘सिनात्रा सिंग्ज ऑफ लव्ह अँड थिंग्ज’ (१९६२) अशी संकलनं एकामागून एक बाजारात आली. दुकानात गिऱ्हाइकासमोर दोन सिनात्रा उभे, एक आजचा आणि एक कालचा, आणि गिऱ्हाईक बहुधा ओळखीच्या गाण्याकडे वळे. १९६३ मध्ये सिनात्राने ‘सिनात्राज सिनात्रा’त कॅपिटॉलवरची आपलीच काही गाणी रिडलला घेऊनच पुन्हा गायली. ही आवृत्ती सफाईदार आहे, पण ताणलेल्या श्रुतींमागची ती पहिली धडपड तिच्यात नाही. आज दोन्ही एकाच नावाखाली सरमिसळ होऊन वाजतात आणि नवा श्रोता नेमका कोणता सिनात्रा ऐकतो आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

कोलच्या १९६१ च्या संकलनाचं तसंच. निर्माता ली गिलेटने छत्तीस गाण्यांतली बरीचशी पुन्हा उभी केली. ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐकून बघावीत. पहिल्यात ऑस्कर मूरची गिटार कोलच्या पियानोला सतत टोकत असते, तिघं एका श्वासात वाजवतात आणि कोल हा गाणारा पियानोवादक आहे. अठरा वर्षांनंतरच्या रूपात आवाज भरदार आणि मुरलेला आहे, शब्द सुखाने सोडले आहेत, पण तो आता गायक आहे आणि पियानो मागे गेला आहे. ‘द ख्रिसमस साँग’ला हे मुरणं लाभलं, मलाही १९६१ चंच रूप अधिक आवडतं. त्रयीच्या गाण्यांना मात्र ते मानवलं नाही. मराठी श्रोत्याला हे ओळखीचं वाटेल. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालं तेव्हा त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेक आवाज होते. नंतर सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातल्या एच.एम.व्ही.च्या तबकड्याच घरोघरी गेल्या आणि बहुतेकांच्या कानात तेच ‘मूळ’ झालं. फडक्यांचं गाणं थोरच. तरी त्या पहिल्या आवाजांची ओढ ज्यांना आहे, त्यांना कॅपिटॉलच्या श्रोत्यांचं दुःख समजेल.

मग बीटल्स आले. कॅपिटॉलने आधी त्यांना नाकारलं आणि २६ डिसेंबर १९६३ ला ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ बाजारात आणलं. त्यानंतर कंपनीचं तोंडच फिरलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये कोल कर्करोगाने गेला. डीन मार्टिन आधीच रिप्रीजकडे गेला होता. जुने गायक आता फक्त कपाटात उरले आणि त्या कपाटाशी कंपनीने केलं ते पाहून वाईट वाटतं. दुकानांना मोनो नको होतं, म्हणून ‘ड्युओफोनिक’ नावाचा कृत्रिम स्टिरिओ वापरला गेला : एकाच मोनो फितीची दोन रूपं करायची, एका बाजूला खर्ज जास्त, दुसरीकडे तार जास्त, आणि एक बाजू किंचित उशिरा सोडायची. कोलचा आवाज समोर उभा राहायचा तो पसरून धूसर झाला. जुन्या एल.पी.तली गाणी कमी करून, नावं बदलून स्वस्त लेबलांवर विकली गेली. कोणतं ध्वनिमुद्रण, कोणत्या वर्षीचं, संयोजन कोणाचं, याचा आवरणावर पत्ता नसे. पेगी ली आणि जून क्रिस्टी या दोघींना ऐकू लागलेल्या सत्तरच्या दशकातल्या तरुणाला क्रिस्टीच्या ‘समथिंग कूल’चं १९५० च्या दशकातलं मोनो रूप आणि १९६० चं स्टिरिओ रूप ही वेगवेगळी गायकी आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

सुटका सी.डी.ने केली. नव्या माध्यमावर जुना साठा पुन्हा विकायचा, हा हेतू व्यापारीच होता, पण त्या निमित्ताने कपाटं उघडली. १९८९ पासून आलेली ‘कलेक्टर्स सीरीज’ हे मला कॅपिटॉलच्या संकलनांतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. रॉन फर्मानेक आणि त्याच्या सोबत्यांनी दुय्यम प्रतींवर भागवलं नाही, मूळ मोनो फितींपर्यंत ते गेले. पेगी ली, के स्टार, जो स्टॅफर्ड, मार्गारेट व्हायटिंग, डीन मार्टिन अशी माणसं एकेका सी.डी.त आपल्या खऱ्या आवाजात परत आली. के स्टारचं ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ (१९५२) त्या सी.डी.वर ऐकताना तिच्या आवाजाच्या काठावरचा खरखरीत रेशा कानाला लागतो. कृत्रिम स्टिरिओत तो पुसला गेला होता. फितींच्या डब्यांवरच्या पेन्सिलीच्या नोंदी वाचून तीन प्रतींतली चांगली कोणती हे ठरवणारे लोक कधी प्रसिद्ध झाले नाहीत. या गायकांवर त्यांचे उपकार आहेत.

कॅपिटॉलबाहेरच्या मोझेकने तर पुढचं पाऊल टाकलं. मायकेल कस्कुना आणि चार्ली लौरी यांची ही छोटी कंपनी. इतरांचा साठा परवान्याने घेऊन, ठरावीक प्रती काढून ती टपालाने विकी. १९९१ मध्ये तिने कोलच्या त्रयीची कॅपिटॉलवरची ध्वनिमुद्रणं अठरा सी.डी.त, तारीखवार, वादकांच्या नावांसह एकत्र आणली. गायक म्हणून लाडका झालेला कोल जॅझमधला केवढा मोठा पियानोवादक होता, हे त्या संचानंतर वादाचं राहिलं नाही. सिनात्राचं ‘द कॅपिटॉल इयर्स’ १९९० मध्ये आलं, आणि १९९६ मध्ये त्याची सगळी सिंगल, शहाण्णव गाणी, चार सी.डी.त. वर सांगितलेली ती दुसरी वही तेव्हा प्रथम सलग वाचता आली.

त्याच वर्षी अगदी वेगळ्या स्वभावाची ‘अल्ट्रा-लाउंज’ मालिका सुरू झाली. ब्रॅड बेनेडिक्टने गायकाऐवजी वातावरण धरून गाणी निवडली : ‘माँडो एक्झॉटिका’, ‘मॅम्बो फीव्हर’, ‘वाइल्ड, कूल अँड स्विंगिन’. रंगीत आवरणं, कॉकटेलचे प्याले. गंभीर रसिकांनी नाकं मुरडली असतील, पण विसरलेल्या कितीतरी संयोजकांना आणि दुसऱ्या फळीतल्या गायकांना विशीतला श्रोता मिळाला तो इथे. २००४ मध्ये डीन मार्टिनच्या ‘डिनो : द इसेन्शियल’मध्ये कॅपिटॉल आणि रिप्रीज या दोन्हींवरची गाणी एकत्र आली. चाळीस वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभी केलेली कपाटं शेजारी आली आणि एकच माणूस पूर्ण दिसला.

कंपनीचं स्वतःचं घर मात्र हातचं गेलं. २००६ मध्ये गोल इमारत विकली गेली, कंपनी तिथेच भाडेकरू झाली. ई.एम.आय. कर्जात बुडाली आणि २०१२ मध्ये तिचा ध्वनिमुद्रण-व्यवसाय, कॅपिटॉलसकट, युनिव्हर्सलकडे गेला. भारतातली एच.एम.व्ही. त्या समूहातून ऐंशीच्या दशकातच सुटून पुढे सारेगामा झाली होती. २०१७ मध्ये पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला कारवाँ हा रेडिओसारखा डबा तिने काढला आणि आपल्या कपाटातूनच धंदा पुन्हा उभा केला.

आता एक कायद्याचा भाग आहे, त्याचा परिणाम रोज ऐकू येतो. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क पन्नास वर्षांचे होते. २०१३ पासून ते सत्तर झाले, पण १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणं आधीच मोकळी झालेली होती. म्हणजे कॅपिटॉलचा सगळा सुवर्णकाळ तिथे कोणालाही छापता येतो. अमेरिकेत नेमकं उलटं : २०१८ च्या कायद्याने १९४७ ते १९५६ मधल्या मुद्रणांना ११० वर्षं संरक्षण आहे आणि १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्यांना २०६७ पर्यंत. ‘धिस इज सिनात्रा!’ त्यामुळे एका खंडात सार्वजनिक आणि दुसऱ्यात खाजगी. मोकळीकीतून काही फार चांगली, अभ्यासू युरोपीय संकलनं निघाली. त्याहून जास्त निघाली ती घाईची. जुन्या सी.डी.वरून उचललेला आवाज, वर गोंगाट काढण्याच्या नादात खरवडलेला, आणि गाण्यांचा काळ-वेळ गायब.

स्ट्रीमिंगवर तर हीच ढिगाने आहेत. नॅट किंग कोल शोधला की शंभर संकलनं समोर येतात, त्यांवर साल असतं ते संकलन चढवल्याचं. १९४३ ची त्रयी आणि १९६१ चं पुनर्गायन एका नावाखाली, एका सालाखाली. ही माहिती हरवलेली नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या स्टुडिओत, कोण वाजवत होतं याच्या नोंदी कॅपिटॉलकडे पहिल्यापासून आहेत. मोझेकच्या पुस्तिकेत त्या पानोपानी छापल्या आहेत. गाण्याच्या नावाखाली ध्वनिमुद्रणाची तारीख आणि संयोजकाचं नाव एवढी एक ओळ स्ट्रीमिंग कंपन्यांनी दाखवावी, आणि हक्क सांगणाऱ्या युनिव्हर्सलने ती त्यांच्याकडून आग्रहाने दाखवून घ्यावी. तोवर ज्याला या गायकांकडे जायचं आहे, त्याने ‘कलेक्टर्स सीरीज’च्या जुन्या सी.डी. मिळतील तिथून घ्याव्यात. मार्गारेट व्हायटिंगपासून सुरुवात केली तरी चालेल. तिचं ‘मूनलाइट इन व्हर्माँट’ १९४४ चं आहे आणि तिथे ते तसंच ऐकायला मिळतं.